वाटेल की होईल

भिंगरीला तिच्या खऱ्या नावानं हाक मारणारं आता कोणी उरलेलं नाही. लहानपणी ती एका जागी टिकायची नाही, म्हणून थोरल्या बहिणीनं, म्हणजे ताईनं, हे नाव ठेवलं. पन्नाशी ओलांडली तरी ते सुटायला तयार नाही. बसल्या जागी तिचा पाय हलत असतो. दूध उतू जायच्या भीतीनं लोक गॅससमोर उभे राहतात. ही तेवढ्यात गॅलरीत जाऊन येते आणि मग उतू गेलेलं दूध पुसत बसते. अशा बाईनं पोटापाण्यासाठी काय काम धरावं? तर लोकांना शांत करायचं. देवाला गंमत करायची हौस असते, दुसरं काय!

फिजिओथेरपीवाल्या बाईंच्या दवाखान्यामागची खोली तिनं भाड्यानं घेतली आहे. मागे कलणारी एक खुर्ची, कोमट पाण्याचा टब, टॉवेलांची चळत आणि भिंतीवर दोन तळव्यांचा रंगीत तक्ता. अंगठ्याच्या टोकाशी डोकं, मधल्या खळग्यात पोट, टाचेकडे कंबर, असं सगळं शरीर त्या दोन पावलांत बसवलेलं. याला रिफ्लेक्सॉलॉजी म्हणतात. माणसाचे पाय धुवायचे, पुसायचे, मांडीवरच्या उशीवर घ्यायचे आणि अंगठ्यानं सुरवंट चालावा तसं तळव्यावरून दाब देत जायचं. भिंगरीचं स्टूल बुटकं आहे आणि त्याला चाकं आहेत. बसल्याबसल्या हिंडायची सोय.

आधी ती चपलांच्या दुकानात होती. पायांची ओळख तिथली. लोक नंबर सांगायचे एक आणि पाय असायचा दुसराच. मग तिनं हा कोर्स केला. शिकवणाऱ्या मॅडम करड्या शिस्तीच्या होत्या. त्या म्हणायच्या, "तक्ता भिंतीवर लावा, डोक्यात जाऊ देऊ नका. आपल्या हातानं माणसाला बरं वाटतं. बरं करायला डॉक्टर आहेत." भिंगरीनं हे मनावर घेतलं होतं. नवीन माणूस खुर्चीत बसला की ती आधी विचारायची, "काही दुखणं? गोळ्या कुठल्या चालू आहेत? त्या चालूच ठेवा हं, मी काही डॉक्टर नाही." आणि मग पाण्यात हात घालायची.

मग घोळ झाला कुठे? पाटीत.

ताईचे यजमान, म्हणजे भिंगरीचे भाऊजी, पाट्या रंगवायचे. अर्ध्या बाजाराच्या पाट्या त्यांच्या हातच्या. मेहुणीनं खोली घेतली तेव्हा त्यांनी ब्रश पुन्हा बाहेर काढला. भिंगरीनं त्यांना मजकूर सांगितला होता, "पायांना आराम द्या, बरं वाटेल." पाटी आली ती अशी: "पायांना आराम द्या, बरं होईल." अक्षर मोत्यासारखं. खाली दोन निळी पावलं.

"भाऊजी, मी 'वाटेल' म्हटलं होतं."

"अगं, 'वाटेल' काय? वाटेल ते, वाटेल तसं! धंद्याच्या पाटीवर शब्द कसा ठाम पाहिजे."

इतक्या प्रेमानं आणलेली पाटी परत कोण करणार? फिजिओबाईंनीही एकदा चष्म्यावरून बघत सुचवलं, "तेवढा शब्द बदलून घ्या." भिंगरी हो म्हणाली आणि विसरली. खरं सांगायचं तर विसरली नाही. पाटीखाली उभं राहून लोक वाचायचे आणि आत यायचे, तेव्हा तिला ते थोडंसं आवडायचं.

दर शुक्रवारी दुपारी ताई यायची. ताई शिवणकाम शिकवायची, आयुष्यभर मशीनच्या पायट्यावर तिचे पाय चालले. ती खुर्चीत पडली की दहा मिनिटांत घोरायला लागायची. भिंगरीसाठी ताईची पावलंच तेवढी अशी होती, जी हातात आली की तिचा स्वतःचाही पाय हलायचा थांबे. कारण लहानपणी ही झोपत नसे तेव्हा ताईच हिचे तळवे मुठीत धरून बसायची. दाबणं नाही, चोळणं नाही, नुसतं धरणं. कोर्स फी न घेता तिनंच पहिला धडा दिला होता.

एके दिवशी खुर्चीत शाळेच्या बसचे ड्रायव्हर होते. दारात भाऊजी उभे राहिले, हातात नव्या टॉवेलांचा गठ्ठा.

"हे काय आणि कशासाठी?"

"बक्षीस!" भाऊजी खुशीत होते. "ताईच्या प्रेशरच्या गोळ्या सुटल्या. महिना होऊन गेला, एक गोळी नाही घेतली तिनं. सगळं तुझ्या हाताचं यश."

भिंगरीचा अंगठा ड्रायव्हरांच्या टाचेत रुतला. ते ओरडले, "अहो बाई!" आणि लगेच तक्त्याकडे बघून घाबरले. "तिथं काय आहे? कंबर का? कंबर गेली का माझी?"

"कंबर ठणठणीत आहे. माझाच हात चुकला."

ताईला प्रेशर आहे हेच तिला माहीत नव्हतं. परक्या माणसाला ती गोळ्या विचारायची, पण सख्ख्या बहिणीला कधी विचारलं नाही. घरच्या माणसाला काय विचारायचं, त्याचं आपल्याला सगळं माहीत असतं! ड्रायव्हरांचे पाय कसेबसे पुसून तिनं उरलेल्यांना 'आज येऊ नका' असे फोन केले आणि भाऊजींबरोबर ताईचं घर गाठलं.

ताई खिडकीपाशी बसली होती. बहिणीला बघून तिनं सवयीनं पाय स्टुलावर ठेवले. "बरी आलीस. आज डोकं जरा जड आहे."

"गोळी का बंद केलीस?"

"सांगितलं वाटतं यांनी! अगं, गोळीनं मरगळ यायची. तुझ्याकडून आले की मला कसं हलकं वाटतं. मग गोळी कशाला?"

"ताई, हलकं वाटतं म्हणजे प्रेशर उतरलं असं नाही. मी नुसती आराम देते."

"आणि पाटीवर काय लिहिलंय?"

भाऊजी मान खाली घालून हातातल्या पिशवीची घडी करत बसले.

"बरं होईल, असं लिहिलंय," ताई म्हणाली. "लोकांसाठी खरं आणि माझ्यासाठी खोटं?"

कोंडीत सापडली की ती नेहमी करते तेच भिंगरीनं केलं. आवाज चढवला. "डॉक्टरांकडे जाऊन येत नाहीस तोवर मी तुझ्या पायाला हात लावणार नाही!"

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती अंगठे आखडून म्हणाली, "नको लावूस. तुझ्या हाताशिवाय काही अडून राहिलेलं नाही."

पुढचा शुक्रवार कोरडा गेला. खुर्ची रिकामी ठेवून भिंगरी खोलीत येरझाऱ्या घालत राहिली. टब धुतला, धुतलेला टब पुन्हा धुतला. फोन करावा तर ताई उचलेना. भाऊजी उचलायचे आणि दबक्या आवाजात सांगायचे, "नाही गं, ऐकत नाही. आज सकाळी उठताना भिंत धरली तिनं." भिंत धरली! ताईला काही झालं तर ते या खोलीत, या खुर्चीत, आपल्या हातून झालं, हा विचार काही केल्या डोक्यातून जाईना. ती बाहेर आली तेव्हा एक बाई पाटी वाचत उभी होती. चेहऱ्यावर आशा. आज भिंगरीला ती बघवेना.

तिनं फिजिओबाईंकडून पेचकस मागून घेतला आणि पाटी काढली.

पाटी बगलेत मारून ती ताईच्या घरी गेली. दार भाऊजींनी उघडलं. पाटी त्यांच्या पुढ्यात ठेवून ती म्हणाली, "भाऊजी, 'होईल' पुसा. तुमची चूक नाही. मला दिसत होतं, मी चालवून घेतलं."

भाऊजींनी पाटीवरून बोट फिरवलं. "ठाम शब्द हवा म्हणून गं..." एवढंच म्हणाले आणि टर्पेंटाइनची बाटली शोधायला गेले.

ताईनं मान फिरवलेली होती. पाय मात्र स्टुलावर होते, घोट्यांशी किंचित सुजलेले. भिंगरी खाली फरशीवर बसली. तिनं दोन्ही तळवे मुठीत घेतले आणि तशीच बसून राहिली.

बराच वेळ काही होईना तेव्हा ताईच म्हणाली, "आता घेतलेसच हातात, तर दाब की."

"दाबत नाहीये, ताई," भिंगरी म्हणाली. "पाय धरलेत तुझे."

ताईनं तिच्याकडे बघितलं. दिवसभर लोकांचे पाय हातात घेणारी ही बाई आयुष्यात कुणापुढे नमली नव्हती, हे ताईइतकं कुणाला ठाऊक? भिंगरीचं नाक लाल झालं होतं. "रोज हातात येतात ती सगळी पावलं परकी गं, ही दोनच माझी आहेत. चल ना."

ताईनं पाय स्टुलावरून खाली घेतले आणि आतल्या खोलीच्या दिशेनं हाक दिली, "अहो, ते ब्रश राहू द्या. माझ्या चपला कुठे आहेत बघा."

डॉक्टरांच्या दवाखान्यात नंबर लागेपर्यंत भिंगरीनं बाकांमधून इतक्या फेऱ्या मारल्या की ताई वैतागली. "बस गं भिंगरे! तुला बघूनच माझं प्रेशर वाढेल."

डॉक्टरांनी ताईच्या दंडाला पट्टा गुंडाळला, फुगवला, सोडला. आकडा बघून त्यांनी पट्टा सारखा केला आणि पुन्हा फुगवायला घेतला. "कसं वाटतंय तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"वाटतंय बरं," ताई म्हणाली. मग तिनं मोकळ्या हातानं शेजारच्या बहिणीचा हलणारा गुडघा दाबून धरला. "झालंय का, ते तुम्ही सांगा."