श्रावणातली आखाजी

बऱ्हाणपूरच्या लालबाग स्टेशनवर मला पोचवायला आलेल्यांत नात्यातली माणसं दोनच होती, आई आणि दादा. दादा म्हणजे माझे वडील. बाकी सगळी आमची गल्ली होती. ते स्टेशन गावापासून लांब, तरी आमच्या शनवारा भागातून टांगे भरून माणसं आली होती, कारण आईनं आदल्या दिवशी घरोघर जाऊन सांगितलं होतं की सुमन विलायतेला चालली आहे, कुणी घरी बसायचं नाही. शेजारच्या सलमाबींनी त्यासाठी घरचा पावरलूम बंद ठेवला होता. तो बंद असलेला मी ईदखेरीज कधी पाहिला नव्हता.

दादा मला मुंबईच्या विमानतळापर्यंत सोडणार होते. तुमचे आजोबा आधीच कॉव्हेन्ट्रीच्या कारखान्यात रुजू झाले होते. गाडी आली, आम्ही जागा धरली, आणि आमच्या मागोमाग आईही डब्यात चढली. समोरच्या बाकावरच्या अनोळखी बाईंना म्हणाली, "हे दोघं माझे आहेत बरं. मास्तर गणिताचे आहेत, विचारात पडले तर मुंबई आली तरी उतरायचे नाहीत. तुम्ही हलवा त्यांना." शिट्टी होईपर्यंत त्या बाईंच्या धाकट्या मुलीचं सासर कुठलं आणि जावई कसा हे आईला कळलं होतं, आणि माझ्या डब्यातला निम्मा गोड दराबा त्यांच्या पिशवीत गेला होता. मी नवा कोट मांडीवर नीट घडी करून बसले होते आणि आईनं आता खाली उतरावं असं मला वाटत होतं.

उतरल्यावर तिनं खिडकीच्या गजांतून माझं बोट धरलं. "आखाजीले येशील न व?"

"येईन," मी म्हटलं. गाडी हलली.

इरा, निहार, हे तुमची आई तुम्हाला वाचून दाखवील. मराठी तुम्हाला कळतं, वाचायला जड जातं, हे मला ठाऊक आहे. पण माझ्या आईविषयी इंग्रजीत लिहायला बसले की ती गप्प होते, आणि ती गप्प असलेली मला आठवतच नाही. म्हणून मराठीत.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या तापीकाठी तो नुसता मुहूर्ताचा दिवस नाही. वैशाखातल्या त्या दिवशी सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात. झाडांना झोके बांधतात, मुली गाणी म्हणत झोके घेतात, घरोघर आमरस आणि पुरणपोळी असते. त्याच सकाळी घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं मातीची घागर पाण्यानं भरतात आणि तिच्यावर खरबूज ठेवतात. एकाच दिवशी लेकी येतात आणि पितर येतात, आणि उन्हातून आलेल्या दोघांनाही आधी पाणी द्यायचं असतं.

आई नदीपलीकडच्या जैनाबादची, केळी आणि कापूस पिकवणाऱ्या घरातली. आमच्या गल्लीत व्यापारी, कारकून आणि विणकर राहत. तिथं झोका बांधायची रीत नव्हती. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच वर्षी ती माहेरहून बैलगाडीचा दोर घेऊन आली आणि गल्लीच्या तोंडाशी असलेल्या कडुनिंबावर दादांना चढवलं. दादा चढले, पण त्यांना उतरता येईना. शेवटी विणकरांच्या पोरांनी त्यांना उतरवून घेतलं. ही गोष्ट आई दर आखाजीला सांगायची आणि दादा दर आखाजीला वर्तमानपत्र तोंडासमोर धरायचे. तेव्हापासून तो झोका साऱ्या गल्लीचा झाला. सलमाबींच्या मुली त्यावर बसत, सराफांच्या सुना बसत. भाजी विकायला आलेल्या बाईची पाटीही आई उतरवून घ्यायची. "बैस व माय. भाजी कुठं पळून नाही राहिली." आणि नव्यानं लग्न झालेल्या मुलीला पहिल्या वर्षी पहिला झोका मिळायचा. माझा तोच झोका राहिला होता.

इथं आल्यावर माझ्या लक्षात आलं की वैशाख नेमका परीक्षांच्या दिवसांत येतो. पहिली आखाजी गेली, कारण आम्ही एका भाड्याच्या खोलीत अजून भांडी जमवत होतो. पुढच्या वर्षापर्यंत मला शाळेत इंग्रजी शिकवायची नोकरी लागली होती. मी मुख्याध्यापकांकडे रजा मागायला गेले. ते भले गृहस्थ होते. शेक्सपिअर शिकवण्याइतकं माझं इंग्रजी चांगलं होतं, पण झाडाला दोर बांधतात त्या दिवशी मला सात समुद्रांपलीकडे का असायला हवं, हे मला त्यांना सांगता येईना. परीक्षेच्या दिवसांत ते शक्य नाही, असं त्यांनी हळू आवाजात सांगितलं आणि मला चहा दिला.

मग मी इथली झाले. कुणाकडे जायचं तर आधी फोन करायला शिकले. शेजारणीला हवामानाबद्दल विचारायचं, जावयाबद्दल नाही, हेही शिकले. खरं सांगायचं तर मला ते आवडू लागलं. स्वभावानं मी दादांवर गेले आहे. प्रत्येक वस्तूला जागा आणि प्रत्येक कामाला वेळ असली की मला बरं वाटतं. फ्रिजवर कॅलेंडर आलं, त्यातल्या चौकटीत दंतवैद्य, पालकसभा, गच्च भरलेले शनिवार आले. वैशाख त्या कॅलेंडरवर छापलेलाच नव्हता. मे महिन्यातल्या त्या दिवशी मी परीक्षेच्या हॉलमध्ये मुलांच्या रांगांमधून फिरत असायची, आणि एवढी शांतता मला एरवी कधी खुपली नाही ती तेव्हा खुपायची.

आईला लिहिता येत असे, पण ती दादांना सांगायची आणि दादा लिहायचे. त्यांच्या सुबक अक्षरात मध्येच आईचं बोलणं यायचं, "ही विचारते आहे, तुझ्या त्या गावात वैशाख येत नाही का व?"

तुमची आई, शर्वरी, तीन वर्षांची झाली तेव्हा आम्ही ठरवलं की ऑगस्टच्या सुट्टीत जायचं. तसं कळवलं. त्यावर दादांचं जे उत्तर आलं त्यात इतकं हसू होतं की तुमच्या आजोबांना मी ते पुन्हा पुन्हा वाचून दाखवलं. सुमन ऑगस्टात येते आहे, तर आखाजी ऑगस्टात करायची, असं आईनं गल्लीत जाहीर केलं होतं. लेकी येतात म्हणून आखाजी, मग लेक येईल तेव्हा आखाजी का नको, असा तिचा हिशेब. गुरुजी समजावायला आले.

"वहिनी, वैशाखातली आखाजी श्रावणात कशी होईल?"

"तुम्ही पंचांगात अख्खा अधिक महिना घालता न? मग मी एक आखाजी घातली तर काय बिघडलं?"

"आणि घागर? पितरांना काय सांगणार?"

इथं मात्र आई गंभीर झाली, असं दादांनी लिहिलं होतं. ती म्हणाली, "घागर नाही भरायची. ती वैशाखात भरून झाली. गेलेल्या माणसांची तिथी आपण नाही हलवायची. ते बिचारे वाट पाहतील तर कुणाला विचारतील? जित्या माणसांची हलते."

गुरुजी चहा पिऊन गेले. कामाला लागलेल्या आईला थांबवणं कुणालाच जमत नसे. श्रावणात आंबा नव्हता, म्हणून आमरसाच्या जागी शिकरण ठरली आणि जैनाबादच्या मामांनी केळ्यांचे घड पाठवले. पावसात दोर भिजून फुगेल म्हणून तो दादांच्या पुस्तकांच्या कपाटावर ठेवला गेला. गल्लीतल्या ज्या मुली जवळपासच्या गावांत दिल्या होत्या त्यांना निरोप गेले. नेपानगरला दिलेली सलमाबींची मोठी मुलगी मुलाबाळांसह आली.

निघायच्या दोन दिवस आधी शर्वरीच्या पाठीवर पहिला फोड दिसला. कांजिण्या. विमानात घेणार नाहीत हे डॉक्टरांनी सांगण्याआधीच आम्हाला कळलं होतं. मी तार केली. तारेत शब्द मोजून लिहितात, त्यामुळे जे लिहायचं होतं त्यातलं काहीच त्यात नव्हतं.

पुढचं मला सलमाबींनी सांगितलं, तेही पुष्कळ वर्षांनी. दोर बांधून झाला होता, मुली जमल्या होत्या, तेव्हा तार आली. दादांनी ती वाचली. आई म्हणाली, "लेकराले बरं वाटू दे आधी." तिनं तार कमरेला खोचली आणि बाहेर आली. "बोली, चलो लडकियों, झूला खाली नहीं रखते," सलमाबी म्हणाल्या. "सबको झुलाया. बारिश में भी. गाने भी उसीने उठाए." सगळ्यांचं झाल्यावर ती स्वतः बसली. झोक्याची फळी दोघींपुरती होती. ती एका कडेला बसली आणि दुसरी कड रिकामी ठेवली. सलमाबी तिथं बसायला गेल्या, तर म्हणाली, "राहू द्या भाभी. तिचा पहिला झोका आहे." तो दोर तिनं दिवाळीपर्यंत उतरवू दिला नाही.

त्यानंतर भेट झाली ती चार वर्षांनी, दादा आजारी पडले तेव्हा, नाताळच्या सुट्टीत. दादा बरे झाले. त्या सुट्टीत तुमच्या आईनं तिची आजी पाहिली. रोज सकाळी माझी आई तिचं बोट धरून निघायची आणि दुपारीच परतायची. कुणाच्या घरी शेव, कुणाच्या घरी मावा जलेबी, सलमाबींच्या लूमवर बसून धागा जोडायचा. शर्वरीला मराठी धड येत नव्हतं आणि आईला इंग्रजी मुळीच नाही, पण दोघी एकमेकींशी सतत बोलत असायच्या. कॉव्हेन्ट्रीला परतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी शर्वरी बूट घालून दारात उभी राहिली आणि मला विचारलं, "आज कुणाच्या घरी जायचं?" आमच्या रस्त्यावर अठ्ठावीस दारं होती आणि सगळी बंद होती.

बऱ्हाणपूरहून निघताना मी आईला म्हटलं होतं, आमच्याकडे चल थोडे दिवस. ती म्हणाली, "तिथं मी बोलू कुणाशी? तूच ये. ऑगस्टात ये. दोर आहे घरात."

पुढच्याच चैत्रात ती गेली. सकाळी कुणाच्या तरी बारशाला पाळणा सजवून आली, पडते म्हणाली आणि उठली नाही. बातमी माझ्यापर्यंत येईपर्यंत तापीकाठी सगळं आटोपलं होतं.

मी पुन्हा त्याच मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले. विधी कधी आहे, त्यांनी विचारलं. आमच्याकडे वर्षभरात गेलेल्या माणसाची पहिली घागर आखाजीला भरतात, असं मी सांगितलं. ती तारीख परीक्षांच्या ऐन मध्यावर येत होती. त्यांनी ती आपल्या डायरीत लिहून घेतली आणि म्हणाले, लागतील तेवढे दिवस घ्या. मी त्यांचे आभार मानले. इतक्या वर्षांत जी रजा झोक्यासाठी मिळाली नव्हती, ती घागरीसाठी मिळाली होती.

लग्नानंतर मी आखाजीला माहेरी गेले ती अशी. घागर नवी होती, गुरुजी म्हातारे झाले होते. ती कुणी भरायची, असं त्यांनी विचारलं तेव्हा दादांनी ती माझ्यापुढे सरकवली. मुलीनं भरावी की नाही यावर गुरुजी काही बोलतील म्हणून मी थांबले. ते म्हणाले, "भरा, बाई. तुमच्या आईपुढे माझं पंचांग कधी चाललं नाही." मी पाणी ओतलं. वर खरबूज ठेवलं. ते हंगामाचं होतं, पिकलेलं, त्याचा वास घरभर झाला होता.

दुपारी बाहेर आले तर कडुनिंबाला झोका होता. शोक असलेल्या घराचा सण नसतो हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं, तरी तो बांधलेला होता, आणि त्यावर कुणी बसलं नव्हतं. सलमाबी फळी धरून उभ्या होत्या. "बैठो बेटी. कब से पकड के खडी हूँ." मी बसले, एका कडेला. दुसरी कड मीही रिकामी ठेवली. त्यांनी मागून एक झोका दिला. गाणं कुणी म्हटलं नाही.

आता मी त्या वेळच्या आईपेक्षा वयानं मोठी आहे. दादा नाहीत, सलमाबी नाहीत, कडुनिंब रस्ता रुंद करताना गेला असं ऐकते. बऱ्हाणपूरला घर म्हणून दाखवता येईल असं माझं काही उरलेलं नाही. तरी घर म्हटलं की मला दिसतं ते असं: भर श्रावणात, पावसात, आंबा नसताना, कुणीतरी माझ्यासाठी आखाजी करायला निघालं आहे.

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही म्हणालात, आजी, मे महिन्यात आम्हाला सुट्टी नसते, मेलबर्नला आमची मोठी सुट्टी डिसेंबरात. तुम्ही ते इतक्या ओशाळ्या आवाजात सांगितलंत की मला माझाच आवाज ऐकू आला.

डिसेंबरात या. मागच्या बागेत अक्रोडाचं झाड आहे. फांदी तपासायला मी माणूस बोलावला होता, दोन जणांचं वजन पेलेल म्हणाला. दोर आणून कपाटावर ठेवला आहे. कोट घालून झोका घ्यावा लागेल आणि चारच्या आत, कारण मग अंधार पडतो. डबाबंद आमरस मिळतो, पुरण मी घालीन. शेजारच्या बाईंनाही बोलवीन म्हणते, आणि या खेपेस त्यांच्या जावयाबद्दल विचारीन.

घागर मात्र त्या दिवशी भरणार नाही. ती मी दर वर्षी वैशाखात भरते, इथं स्वयंपाकघराच्या खिडकीत, आईच्या नावाची. तिची तिथी हलवायची नाही. तुमची हलते.