एकविसावी संकष्टी आणि भाजका चिवडा

माझं लग्न पावणेदोन वर्षं पुढं गेलं, ते दोन चमचे चिवड्यामुळं.

आमच्या घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट मी. (चुलतभाऊ आहेत, पण ते अजून दहावीच्या इंग्रजीपाशी मुक्कामाला आहेत.) त्यामुळं वारज्याच्या आमच्या घरात लाइटबिलापासून औषधाच्या बाटलीपर्यंत छापील ते सगळं माझ्यापुढं येतं, आणि मीही घसा खाकरून वाचतो.

आईनं माझ्या लग्नासाठी एकवीस संकष्ट्या धरल्या होत्या. महिन्याला एक. एकविसावी पार पडली की खडकीच्या मुलीकडं बोलणी करायची, हे ठरलेलं. मुलगी मला फार पसंत होती. त्यामुळं त्या दिवशी उपास आईला आणि चंद्राची घाई मला!

अडचण एवढीच, की आईचा उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, वर बटाट्याचा चिवडा, त्याच्यावर शेंगदाण्याचे लाडू. डॉक्टर म्हणाले होते, "मावशी, शुगर बघा जरा. रोज जेवलात तरी चालेल, पण उपास करू नका."

मग शिकलेला मुलगा कशाला असतो? मी कर्वेनगरच्या दुकानातून, उपासाच्या फळीवरून, न तळलेल्या, भाजलेल्या चिवड्याचं हिरवंगार पाकीट आणलं. आईपुढं उभं राहून मागचा इंग्रजी मजकूर अर्थासकट वाचला. साखर शून्य! तेल नावाला! फायबर भरपूर!

आईनं वाटीत बोट फिरवलं. "ही चपटी चपटी काय रं?"

"तेच फायबर."

"ज्याच्या खुर्च्या करत्यात?"

"आई, तू खा. मी वाचलंय ना सगळं!"

पोराच्या डिग्रीवर भरवसा ठेवून तिनं दोन चमचे खाल्ले. तेवढ्यात अण्णा, म्हणजे माझे वडील, चौथी पास, चहाला आत आले. त्यांनी पाकीट उचललं आणि चष्माही न लावता पुढची बाजू वाचली, "ओट्सचा डाएट चिवडा. बाळ्या, ओट म्हंजी काय?"

मी पाकीट घेऊन पुन्हा मागचं इंग्रजी चाळू लागलो. उत्तर समोरच्या फ्लॅटमधून आलं. (तिथल्या काकू निवृत्त शिक्षिका. दार कायम उघडं.) "धान्य आहे हो ते. घोड्यांना घालतात."

आईनं वाटी खाली ठेवली. उपासाला धान्य! तेही एकविसाव्या संकष्टीला!

"परदेशी आहे ते, काकू!" मी लढलो. "बटाटाही परदेशीच, तो कसा चालतो?"

"हो का? मग पुढच्या संकष्टीला पाव ठेवा. तोही परदेशीच."

मी आईकडं वळलो. "आई, चुकून झालं. देव समजून घेईल. त्याला तरी कुठं इंग्रजी येतंय?"

"पुढं मराठीत लिवलंय," अण्णा म्हणाले. "बोटाएवढं अक्षर हाय."

फळीवर पाकीट कुणीतरी चुकीच्या जागी ठेवलं होतं, हे मी तीनदा सांगितलं. कुणी ऐकेना. आई गणपतीपुढं जाऊन बसली आणि हात जोडून म्हणाली, "देवा, आजपातूर झालेल्या ऱ्हाऊ दे. पुढच्या चतुर्थीपासून पुन्यांदा एकवीस धरते. पण लगीन आता मागत न्हाई. तू इद्येचा देव हायस. आधी ह्याला वाचता येऊ दे!"

अण्णांनी त्याच संध्याकाळी खडकीला फोन लावला. "बोलणी जरा लांबवू," ते म्हणाले. "पोरगा अजून शिकतोय."