आधी नाव, मग दोर

एक किस्सा सांगायला घ्यावा आणि त्याचं शेपूट धरून मागून चार बाहेर यावेत, तसं आमच्या राफ्टिंग ग्रुपचं आहे. नंदुरबारची आम्ही काही हौशी मंडळी. तापीच्या खडकाळ पट्ट्यातला खळाळ रबरी होडीतून उतरायचा, एवढीच हौस. पण प्रमोद सरांची अट होती, आधी बचावाची तयारी, मग होडी! सर म्हणजे आमच्याच शाळेचे निवृत्त पीटी मास्तर.

*

कोरीटचे भीमराव आप्पा साठी उलटलेले. जन्म तापीकाठी गेला, पण होडीतून खळाळ ते कधी उतरले नव्हते. तेवढी एकच इच्छा राहिली होती. पहिल्या सरावाला ते भरीत-भाकरी चापून आले आणि पोटाला त्रास नको म्हणून लाइफ जॅकेटचे पट्टे सैल ठेवले.

सरांनी खांद्याला धरून जॅकेट वर उचललं. जॅकेट सरांच्या हातात, आप्पा जमिनीवर!

*

जितूशेठचं कापडाचं दुकान. बचावाची दोरी थैलीत कशीही कोंबायची असते, म्हणजे फेकताना सुटत जाते. शेठना तो गबाळेपणा बघवेना. त्यांनी दोरी बाहेर काढून साडीसारखी छान घडी घातली आणि वर गाठ मारली. फेकली तेव्हा अख्खा गठ्ठा पायाजवळच डुबुक झाला.

शेठ म्हणाले, "लेकिन घडी तर मोडली नाही ना!"

*

तीन शिट्ट्या म्हणजे कुणीतरी बुडतंय, सगळ्यांनी धावायचं. सरांनी गवत भरलेलं पोतं पाण्यात सोडलं आणि तीन शिट्ट्या मारल्या. आप्पा सोडले तर आम्ही सगळे त्यांचे जुने विद्यार्थी. शिट्टी ऐकली आणि उंचीप्रमाणे रांगेत उभे राहिलो! मी तर हात पुढे करून अंतरही घेतलं. पोतं गेलं ते गेलंच.

*

आप्पांना होडीत घ्यायचं तर काठावर दोर फेकणारं माणूस पक्कं हवं. नेम सगळ्यांत भारी त्यांच्या बायकोचा, मंजूकाकूंचा. ज्वारीवरची पाखरं गोफणीने हाकलून तयार झालेला हात! पण नियम असा की आधी नावाने हाक मारायची, बुडणाऱ्याने वळून पाहिलं की मग दोर.

सरावात आप्पा पाण्यात, काकू दोर घेऊन गप्प. "घरधनीनं नाव बठ्ठासना समोर कसं लेऊ?" नवऱ्याचं नाव, तेही सगळ्यांच्या देखत! 'अहो' म्हटलं तर होडीतले सगळेच नवरे वळणार. शेवटी लाजत लाजत काकूंनी उखाणा सुरू केला.

सर म्हणाले, "काकू, उखाणा संपेपर्यंत आप्पा उकाईच्या धरणात पोचतील."

हाक मारता येत नसेल तर आप्पांनी काठावरच बसायचं, असं ठरलं. आप्पांचा चेहरा पडला. तो बघून काकूंनी खाली बघतच, नाव घेईन म्हणून, मान डोलावली.

*

आणि खळाळ उतरायच्या दिवशी नेमके आप्पाच पडले! होडी खडकाला घासली, आप्पा पाण्यात, तोंड पलीकडे, आणि धार त्यांना पुढच्या खडकाकडे ओढत होती.

काठावरून आवाज आला, "भीमराव! ओ भीमराव, आठे देख!"

आप्पा गर्रकन वळले. दोर थेट छातीवर येऊन पडला. आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना काठाकडे ओढलं. गुडघाभर पाण्यात उभे राहिले तरी दोर दोन्ही हातांनी घट्ट धरलेला.

सर म्हणाले, "आप्पा, झालं आता. दोर सोडा."

आप्पा काकूंकडे बघत होते.

"सोडस. पहिले तिले सांगा, परत एकदाव मन्हं नाव ले म्हणा."