बाबांच्या कापडावरच्या अकरा रेघा

तीस वर्षं वृत्तपत्रात काढली. दोन ठिकाणांहून खात्री झाल्याशिवाय ओळ जाऊ दिली नाही. भुताखेतांच्या बातम्या तर स्वतःच्या हातानं केराच्या टोपलीत टाकल्या. त्यामुळे हे लिहिताना संकोच वाटतो. घडलं तेवढंच सांगतो.

ठिकाण – भंडाऱ्याजवळचं मोहाडी, आमचं विणकराचं घर. आता तिथं माझी मोठी बहीण राहते. वेळ – गेल्या वर्षी, दुपारचे चार.

एकोणिसाव्या वर्षी माझा ठोका मधूनच चुकायचा. छातीत एक धक्का, क्षणभर शांतता, मग सगळं पूर्ववत. बाबा मागावर बसूनच मला जवळ बोलवायचे आणि तळवा छातीवर ठेवायचे. त्या तळव्याला कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, धाग्याचा वास असे.

"काई नाई होत, पोरा. धागा तुटला, जोडला. माग चालूच रायते."

तेव्हाच्या डॉक्टरांनीही काळजीचं कारण नाही, असंच सांगितलं होतं. म्हणून त्रेसष्टाव्या वर्षी छाती फडफडू लागली, तेव्हा मी म्हटलं – जुनंच आहे. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी ईसीजी काढला.

"हे जुनं नाही. तेव्हा एखादा ठोका चुकायचा. आता दोन ठोक्यांमधलं अंतरच ठरत नाही. वयानं असं होतं. हृदयात रक्ताची गुठळी होऊन मेंदूत जाऊ शकते, अर्धांगवायू होतो. रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज घ्या."

गोळी आणली… घेतली नाही. गोळ्या आणि ईसीजीची पट्टी पिशवीत तशीच घेऊन मोहाडीला गेलो. ताईला हे कळलं आणि ती भडकली.

"बाबाले काय झालं, विसरला का भाऊ? त्यायची छातीबी अशीच फडफडे. तेबी म्हनत, काई नाई होत. अन् मागावरच अर्धं अंग लुलं पडलं!"

"तू कधी डॉक्टर झाली वो ताई?"

"अन् तू मोठा पेपरवाला! तुले सगळंच मालूम."

तिनं पेटीतून एक कापड काढलं. बाबा पडले, त्या सकाळी मागावर होतं ते. अर्धवट राहिलेलं कापड आमच्या घरी विकत नसत, कापून जपून ठेवत. बाबांचं विणकाम एकसारखं असे. पण या कापडाच्या शेवटच्या वीतभर भागात आडवा धागा ठोकून बसवणाऱ्या फणीचे ठोके कमी-जास्त बसले होते. दाट रेघा, मधली अंतरं असमान.

ताईनं माझी ईसीजीची पट्टी त्याशेजारी सरकवली. "हे पाह्य. सारखंच हाये."

मी पट्टी कापडावर ठेवली. फूटपट्टीनं मोजलं, दोनदा. पट्टीवर ठोक्यांची अकरा टोकं, कापडावर अकरा रेघा. प्रत्येक टोकाखाली रेघ.

ते कापड तेवीस वर्षांपूर्वीचं. पट्टी आठवड्याभरापूर्वीची.

ताईनं पाण्याचा पेला आणून समोर ठेवला. मी गोळी घेतली.

नंतर डॉक्टरांना कापडावर ठेवलेल्या पट्टीचा फोटो दाखवला. त्यांनी तो मोठा करून टोकं मोजली. या आजारात एकाच माणसाची पट्टीही पुन्हा तशीच येत नाही, म्हणाले.

त्या सकाळी बाबांचा हात कोणाच्या ठोक्यावर चालला होता, हे मला आजही सांगता येत नाही. गोळी रोज दुपारी चारला घेतो. घेताना कोशाचा वास येतो.