पहिला पेला

पटकीच्या दिवसांत गावातल्या विहिरींत लाल दवा टाकायची, हे कमिटीने माझ्या बापाला दिलेलं काम. पाणी जांभळं दिसलं की बायका घागरी उचलून मागे सरायच्या. "सरकार जहर टाकून राह्यलं," असं कुणीतरी पसरवलं होतं. म्हणून रीतच पडली: दवा टाकणाऱ्याने लगेच पोहरा काढायचा आणि सगळ्यांदेखत पहिला पेला प्यायचा. कमिटीचे साहेब स्वतः शेजारी उभे राहून म्हणायचे, "पी, सगळ्यांना दिसू दे." दवा मुरायला एक रात्र जावी लागते, हे नांदुऱ्याहून येणाऱ्या खोक्यावर छापलेलं होतं. बापाला वाचता येत नव्हतं, आणि ज्यांना येत होतं त्यांनी सांगितलं नाही.

त्या उन्हाळ्यात वेशीजवळच्या विहिरीचं पाणी तो असाच प्याला आणि दोन दिवसांत पटकीने गेला.

आई मला घेऊन कमिटीत भरपाई मागायला गेली. कारकून म्हणाला, "दवा टाकणं त्याचं काम. पाणी पिणं ही त्याची हौस." हौस! आज म्हातारपणीही हे आठवलं की माझं डोकं फिरतं.

आई तिथे भांडली नाही. बापाच्या जागी एका पिंजाऱ्याला नेमलं होतं, त्याच्या घरी गेली.

"भाऊ, तुले बी लेकरं हायेत. साहेबाकडून हुकूम लिहून घेतल्याबिगर पेला तोंडाले लावू नको."

"काऊन लावीन बहीण? मले का मराची हौस हाये?"

दुसऱ्या दिवशी त्याने दवा टाकली आणि "आधी लिहून द्या" म्हणत हाताची घडी घालून उभा राहिला. तो पिईना म्हणून कुणीच पिईना. लोक घागरी घेऊन नाल्याच्या घाण पाण्यावर निघाले, तेव्हा साहेबांना घाम फुटला. त्यांनी तिथेच घाईघाईने हुकूम लिहिला: दवा टाकणाऱ्याने आजवरच्या रिवाजाप्रमाणे पहिला पेला प्यावा. पिंजाऱ्याने शाळामास्तरांकडून हुकूम वाचून घेतला आणि खोक्यावरचं छापीलही. मग दवा रात्रभर मुरू दिली आणि सकाळी पेला प्याला.

हुकुमाचा तो कागद पिंजाऱ्याकडून मागून आईने कारकुनापुढे ठेवला. "आजवरचा रिवाज, हे तुमीच लिहिलं. मंग माहा मालक काय हौसेनं मेला?"

कारकून कागद घेऊन साहेबांच्या खोलीत गेला. महिन्याभराने भरपाईचा कागद आला आणि कारकुनाने आम्हाला कमिटीत बोलावलं. आईने अंगठ्याला शाई लावली, पण आधी मला वाचायला सांगितलं. मी तिसरीत होते. वाचलं: मयताच्या विधवेस दया म्हणून मदत.

आईने हात मागे घेतला. "दया खोडा. तो कामावर मेला, तसं लिहा."

"बाई, पैसे तेवढेच मिळणार."

"मंग लिहाले तुमचं काय जाते?"

त्याने खोडलं, वर नवं लिहिलं आणि कागद तिच्यापुढे सरकवला. आईने तो उचलून माझ्या हातात दिला. "मोठ्यानं वाच," ती म्हणाली, "साहेबाच्या खोलीत आयकू गेलं पाह्यजे."