रेघेखालची दोन टिंबं

शहाद्यात गोमाईच्या काठाला आमचं परटाचं घर. अंगावरचे कपडे आमच्याकडे थोडेच यायचे, खरं काम मोठ्या धुण्याचं. लग्नघरच्या सतरंज्या, व्यापाऱ्यांच्या पेढीवरच्या जाजमा, एखाद्या हौशी माणसाचा लोकरी गालिचा. सतरंजी नदीत भिजली की तिला उचलायला चार माणसं लागायची, आणि मी लग्न होऊन आले त्याच आठवड्यात त्या चारांतली एक झाले. हळद उतरली नव्हती अजून माझी.

लोक धुवायला टाकतात आणि विसरून जातात, हे मला इथे आल्यावर कळलं. नेसायचं धोतर कुणी विसरत नाही, पण सतरंजी लागते दोन-तीन वर्षांतून एकदा. तोवर थोरल्याला वाटतं धाकट्यानं आणली, धाकट्याला वाटतं थोरल्यानं. असा माल आमच्या माळ्यावर जायचा. दोघा भावांची एक जाजम त्यांच्या वाटण्या झाल्यापासून पडून होती. जो नेईल त्याला अर्धी कापून द्यावी लागणार, म्हणून दोघंही आमच्या दारावरून मान खाली घालून जायचे.

या मालाबद्दल सासूबाईंचा नियम कडक होता. तीन आखाज्या वाट बघायची. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्या खानदेशातला मोठा सण. दर वर्षी माल खाली काढायचा, ऊन दाखवायचं, कसर झटकायची, लिंबाचा पाला घालून पुन्हा वर ठेवायचा. तिसरी आखाजी उलटली की माल घराचा. त्याआधी त्यावर बूड टेकायचीही मनाई. परीट लोकांच्या कपड्यांवर ऐट मारतो, असं जग बोलतंच. आपण कशाला त्यांना खरं ठरवायचं, असं त्या म्हणायच्या.

माल कुणाचा ते कळायचं खुणेवरून. अक्षर घरात कुणालाच येत नव्हतं. बिब्ब्याच्या तेलात सुई बुडवून कापडाच्या कोपऱ्यात, उलट्या बाजूला, प्रत्येक गिऱ्हाइकाची ठरलेली खूण काढायची. रेघेवर दोन टिंबं म्हणजे मारवाडकडून आलेले धान्याचे व्यापारी. रेघेखाली दोन टिंबं म्हणजे लोणखेड्याची पाटलीण. सासूबाईंच्या डोळ्यांत फूल पडत चाललं होतं, म्हणून खुणा वाचायचं काम त्यांनी मला दिलं. मीही परटाचीच लेक, तळोद्याची, तेव्हा मला शिकवायचं काय, असं त्यांना वाटलं. मला तर वाटलंच.

मी आले त्याच वर्षी व्यापाऱ्यांच्या खुणेची एक सतरंजी राहून गेली. व्यापारी बिऱ्हाड उचलून मारवाडला गेले ते परतलेच नाहीत. लाल-निळे पट्टे, वीण अशी घट्ट की पाणी ओतलं तर वर थांबावं. तिला ऊन दाखवताना मी उगाच दोनदा जास्त हात फिरवायची. त्याच वर्षी लोणखेड्याची पाटलीण दारात येऊन भांडून गेली होती, की माझी सतरंजी द्या. तिच्या खुणेचा माल माळ्यावर नव्हता. सासूबाईंनी गोमाईची शपथ घेतली आणि पाटलिणीनं त्या दिवसापासून आमच्याकडे साधं फडकंही टाकलं नाही. मी तेव्हा पदर खोचून तिला चार शब्द सुनावलेही होते. जिभेला हाड नाही माझ्या.

तिसरी आखाजी उलटली आणि पंधरा दिवसांत नंदुरबारचं स्थळ नणंदेला बघायला येणार असं ठरलं. नणंद सावळी, उंच, कामाला वाघीण. पण आधी दोन स्थळं येऊन, शेव-चिवडा खाऊन परत गेली होती, आणि गल्लीतल्या बायका आता आमच्याशी फार गोड बोलायला लागल्या होत्या. हे स्थळ हातचं जाऊ द्यायचं नाही, असं मी आणि सासूबाईंनी मनाशी धरलं होतं. ओटी सारवली, शेजारून कपबश्या आणल्या, आणि मी ती सतरंजी मोठ्या थाटात अंथरली. काय शोभा आली म्हणून सांगू! परटाचं घर वाटेना.

पाहुणे आले. मुलगा गप्प, त्याची आई गप्प, बोलणारा एकटा मामा. मामाही परीटच. त्यानं बसल्याबसल्या काय केलं असेल? जे कुठलाही परीट करेल ते. सतरंजीचा कोपरा उलटा केला.

"कोनी शे हाई?" कुणाची म्हणून त्यानं विचारलं.

सासूबाईंनी सगळं सरळ सांगितलं. व्यापारी, तीन आखाज्या, घराची रीत. मामानं मान डोलावली. त्याच्याकडेही तीच रीत होती म्हणे. मग तो सहज म्हणाला, "रेघेखाले दोन टिंबं, चांगली खूण शे."

सासूबाई हसून म्हणाल्या, रेघेखाली नाही, रेघेवर. मामा म्हणाला, खुणेजवळच्या दशा, टोकाचे ते सुटे धागे, पायांकडे करून वाचली की रेघेखालीच येतात. तुमच्याकडे काही वेगळं वाचतात का?

माझ्या माहेरी दशा डोक्याकडे करून खूण वाचतात! तळोद्यात मी लहानपणापासून तसंच वाचलं होतं. इथे कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही, आणि पहिल्याच वर्षी ती सतरंजी मी उलटी वाचून व्यापाऱ्यांच्या नावावर ठेवून दिली. नंतरच्या मालाला सासूबाईंनी माझ्यासमोर खुणा घातल्या, तेव्हा इथली रीत अंगवळणी पडली. पण माळ्यावरच्या त्या घडीकडे कोण पुन्हा बघतंय? ऊन दाखवताना मी तिची वीण बघत होते, खूण कुठे बघत होते.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनाही उमगलं होतं. पाहुण्यांना मात्र काही पत्ता नव्हता. दोन टिंबं वर की खाली, त्यांना काय त्याचं? गप्प बसलं की झालं. मी खरं सांगते, मी गप्प बसणार होते. नणंद चहा घेऊन माझ्या शेजारी येऊन उभी राहिली होती. तिनं तोंड उघडायच्या आत मी तिच्या पायावर पाय दिला, चांगला जोरात.

"माय, हाई सतरंजी लोणखेडानी शे," ती म्हणाली.

बघायला आलेल्या मुलीनं खाली मान घालून उभं राहायचं, विचारलं तेवढंच सांगायचं. ही भरल्या ओटीवर, चहाचं ताट हातात धरून, आमच्या घरानं पाटलिणीला खोटं पाडलं म्हणून सांगून मोकळी झाली. सासूबाई हात जोडून पाहुण्यांना म्हणाल्या, जरा उठता का? पाहुणे उठले. आम्ही त्यांच्या पायाखालून सतरंजी गुंडाळली. त्यांना सारवलेल्या ओटीवर बसवून चहा दिला आणि माझ्या नवऱ्याला त्यांच्यापाशी ठेवून आम्ही दोघी सासू-सुना निघालो. मी म्हटलं, उद्या नेली तर चालणार नाही का? सासूबाई तोवर पायरी उतरल्या होत्या. लोणखेडं तसं शेजारीच, पण डोक्यावर सतरंजी आणि वर ऊन. स्थळ गेलं, असं मी वाटभर पुटपुटत होते, आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटत होतं.

पाटलिणीनं आम्हाला अंगणात उभं करून मनसोक्त बोलून घेतलं. मी ऐकून घेतलं, आयुष्यात पहिल्यांदा. चूक माझी, असंही सांगितलं. बोलून दमल्यावर तिनं सतरंजी उलगडली, हात फिरवला आणि तिला रडूच फुटलं. आमची शपथ ऐकून, मग जावेनंच माहेरी पोचवली असेल असं धरून ती तीन वर्षं जावेशी बोलली नव्हती. तिनं भिंतीपलीकडे हाक मारली. जाऊ आली, सतरंजीकडे बघत राहिली, आणि दोघी एकाच टोकाला बसून आम्हाला शिव्या द्यायला लागल्या. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. येताना ओटीत शेंगा आणि गुळाचा खडा मिळाला.

घरी आलो तर दारात गाडी नव्हती. पाहुणे गेले होते. नणंद ओटीवर कपबश्या विसळत होती. मी पायातल्या वहाणाही काढल्या नाहीत, तिच्यावर ओरडलेच, की एवढी खरं बोलायची हौस होती तर पाहुणे गेल्यावर बोलायचं! तिनं खुंटीकडे बोट दाखवलं फक्त. खुंटीवर मामाचं उपरणं होतं.

मी म्हटलं, विसरला वाटतं. नणंद म्हणाली, विसरला नाही, धुवायला टाकून गेला. स्वतः परीट असून. पुढच्या पंचमीला मुलाच्या वडिलांना घेऊन येतो, तेव्हा नेईन म्हणाला.

नणंदेनं उपरणं काढलं, बिब्ब्याची वाटी आणि सुई घेऊन आली, आणि लाजत विचारलं की याला कुठली खूण घालू.

सासूबाईंनी तिच्या हातातली सुई काढून घेतली. "येडी," त्या म्हणाल्या, "घरना कपडाले खूण लागस का?"