आधीच लागलेला बोर्ड

मंगळवार पेठेत वर्षाराणी साळोखेला नावानं हाक मारणारी माणसं आता फारशी उरलेली नाहीत. लहानथोर सगळे तिला ‘सीएबाई’ म्हणतात. ती खरोखर सीए झाली गेल्या वर्षी. हाक मात्र तिला बारावीच्या पुढच्या वर्षापासून चिकटली आहे.

बारावीनंतर तिनं सीएची प्रवेश परीक्षा दिली आणि पास झाली. प्रवेश परीक्षा म्हणजे नुसतं दारातून आत पाऊल. पण पेठेतलं पोर कशातही पास झालं आणि चौकात डिजिटल बोर्ड लागला नाही, असं आमच्या कोल्हापुरात होत नाही. तालमीतल्या पोरांनी दुसऱ्याच दिवशी लावला. ‘सीए परीक्षा उत्तीर्ण झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.’ वर वर्षाराणीचा कॉलेजातला फोटो, आणि खाली शुभेच्छुक म्हणून तिच्याहून मोठ्या आकाराची गॉगलवाली तोंडं.

तिचे वडील हंबीरराव म्हशी राखतात आणि कट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर धार काढून दूध विकतात. त्यांनी त्या दिवशी अख्ख्या कट्ट्याला पेढे वाटले. संध्याकाळी वर्षाराणी त्यांना म्हणाली, “दादा, ही नुसती सुरुवात हाय. अजून लई परीक्षा हायत. बोर्ड उतरवाय सांगा.”

“उतरवून लोकास्नी काय सांगू? आज न्हाई उद्या हुशीलच की तू.”

बोर्ड गणपतीपर्यंत तसाच राहिला. तोवर पेठेचं ठरून गेलं होतं, साळोख्यांची पोर सीए झाली.

मी मधुवंती. आम्ही दोघींनी एकाच ऑफिसात आर्टिकलशिप केली, म्हणजे एका सीएच्या हाताखाली तीन वर्षं उमेदवारी. मी शेवटची परीक्षा पास झाले, परवाना काढला आणि शाहूपुरीत ऑफिस थाटलं. शेवटच्या परीक्षेचे पेपर दोन ग्रुपांत विभागलेले असतात; वर्षाराणीचा त्यातला एक ग्रुप निघाला. दुसऱ्या ग्रुपात कॉस्टिंगचा पेपर होता, तिथं तिचं घोडं अडलं. एका पेपरात गेलं की त्या ग्रुपाचे सगळे पेपर पुन्हा द्यायचे. ती ते देत राहिली. पहिल्या काही निकालांना ती माझ्या ऑफिसात येऊन रडली. पुढं रडणं बंद झालं. नंतरनंतर ती निकाल बघायची, फोन पर्समध्ये टाकायची आणि उरलेला डबा खायची. मला ते रडण्यापेक्षा वाईट वाटायचं.

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्याच्या अकाउंट विभागात तिला नोकरी लागली. तिथं सगळ्यांना ठाऊक होतं की ती सीए नाही. पेठेत मात्र लोक कर्जासाठी लागणाऱ्या दाखल्यावर सीएची सही मागायला दारात यायचे. ती म्हणायची, “नोकरीतल्या माणसाला सही चालत न्हाई. परवानावाल्याकडं जावा.” आणि त्यांना माझ्याकडं पाठवायची. गंमत अशी की हा नियम खराच आहे. सीए झालेल्यालाही परवान्याशिवाय तशी सही करता येत नाही. त्यामुळे कुणाला कधी शंका आली नाही. तिला एक अक्षरही खोटं बोलावं लागलं नाही, आणि म्हणूनच ते प्रकरण कधी फुटलंही नाही.

स्थळं यायची ती ‘मुलगी सीए आहे’ म्हणून. खरं सांगितलं तर कट्ट्यावर वडिलांची मान खाली जाणार, आणि न सांगता लग्न करणं तिला जमण्यासारखं नव्हतं. ती सरळ नको म्हणायची. मग लोक म्हणायला लागले, शिकलेल्या पोरींची नाटकं जास्त असतात. हंबीरराव ऐकून घ्यायचे. एकदाच ते मला म्हणाले, “एकदा खरोखर झाली म्हंजे सुटलो बघा. मग मी मोकळ्या मनानं पेढं वाटतो.” बाप आणि लेक दोघंही त्या एका निकालावर अडून बसली होती.

मग नियम बदलले. नियम बदलले की आम्ही परवानेवाले कुरकुरतो. परवाना टिकवायला ठरावीक तास व्याख्यानं ऐकावी लागतात, आता त्याबाबतही कडक झालेत, वगैरे. या वेळी मी विद्यार्थ्यांसाठीचे बदलही वाचले. जुना अभ्यासक्रम बंद. परीक्षा वर्षातून दोनदाऐवजी तीनदा. आणि कॉस्टिंगचा पेपर शेवटच्या परीक्षेतून काढलेला. तो विषय ज्यानं त्यानं आपल्या सवडीनं वाचायचा आणि कॉम्प्युटरवर एक वेगळी चाचणी द्यायची. मला इतका संताप आला की मी वर्षाराणीला फोन करून ओरडलेच. ज्या पेपरापायी हिची तरुणपणाची वर्षं गेली, तो पेपरच आता नव्हता.

“म्हंजे पेपरच काढला?” तिनं विचारलं.

“काढला.”

“बरं. मग फॉर्म कवा भरायचा?”

तिनं चाचणी दिली, उरलेले पेपर दिले. निकालाच्या दिवशी अर्धी रजा टाकून ती माझ्या ऑफिसात आली. तिनं नंबर टाकला, स्क्रीनकडं बघितलं आणि म्हणाली, “पास झालो.” पेठेतल्या पोरी अशाच, पोरांसारखं ‘झालो’, ‘गेलो’ म्हणतात. मी तिला मिठी मारली आणि हमसून हमसून रडले. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला, जणू निकाल माझाच होता. मग म्हणाली, “मधू, मला काय सुदीक वाटंना झालंय गं.” आणि गाडीची किल्ली शोधायला लागली.

हंबीररावांना तिनं फोनवर सांगितलं. आम्ही घरी पोहोचलो तेव्हा ते कट्टा सोडून आले होते. शर्टाच्या आत दडवून आणलेला पेढ्यांचा लहानसा पुडा त्यांनी बाहेर काढला आणि दार लोटून घेतलं. मग लेकीला पेढा भरवला.

“आता चांगला मोठा बोर्ड लावा, काका,” मी म्हणाले.

“काय लिवायचं त्येच्यावर?”

इतकी वर्षं आम्ही तिघं निकालाची वाट बघत होतो आणि हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. पास झाल्याचं सांगायचं तर आधी नापास होती हे सांगावं लागणार होतं.

तेवढ्यात दार ढकलून शेजारच्या बायडाबाई आत आल्या. “कशाचं पेढं वो, हंबीरभाऊ?”

हंबीररावांनी लेकीकडं बघितलं. मग ते म्हणाले, “गोठ्यावरची म्हस व्याली. रेडी झाली.”

“लई ब्येस झालं.” बायडाबाईंनी पेढा उचलला, त्यातला अर्धा मोडून वर्षाराणीपुढं धरला. “घ्या सीएबाई, तुमीबी तोंड गोड करा.”

माझ्या तोंडाशी सगळं आलं होतं. वर्षाराणीनं माझ्याकडं बघून नकारार्थी मान हलवली आणि तो अर्धा पेढा खाल्ला.

“नाव काय ठिवलं रेडीचं?” बायडाबाईंनी विचारलं.

“अजून न्हाई ठिवलं,” वर्षाराणी म्हणाली आणि त्यांच्यासाठी चहा टाकायला उठली.